चोपन्न टक्के

मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस टीम आहेत. त्यातल्या एकोणतीस कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, खेळल्या आहेत. उरलेली एक माझी. सिअ‍ॅटल मरिनर्स, स्थापना १९७७. आरसीबीवाल्यांनी अठरा वर्षं सोसलं आणि गेल्या जूनमध्ये त्यांचं एकदाचं मिटलं. पण ते निदान त्याआधी तीन फायनल हरले तरी होते. आम्हाला हरायलासुद्धा फायनल मिळालेली नाही.

मी नाशिकचा. बेसबॉल म्हणजे अमेरिकन सिनेमात बाप आणि मुलगा अंगणात जे खेळतात ते, एवढंच मला माहीत होतं. २०२१ मध्ये नोकरीसाठी सिअ‍ॅटलला आलो. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून ह्यूस्टनविरुद्धची प्लेऑफची मॅच बघायला गेलो. नऊ इनिंग्जमध्ये संपणारी ती मॅच अठरा इनिंग्ज चालली. सहा तास बावीस मिनिटं. सतरा इनिंग्ज स्कोअर शून्य-शून्य, आणि अठराव्यात ह्यूस्टनच्या हेरेमी पेन्याने एक होमरन मारला. ०-१. खेळ संपला, सीझन संपला. माझ्या बाजूला बसलेले एक आजोबा उठले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, चला, पुढच्या वर्षी. त्या दिवसापासून मी यांचा झालो. जिंकणाऱ्या टीमचा फॅन कुणीही होतं.

२०२३ मध्ये प्लेऑफ एका मॅचने हुकले. २०२४ मध्ये पुन्हा एका मॅचने. या दोन्हीच्या मध्ये टीमचा सर्वेसर्वा जेरी डिपोटो याने एक हिशोब मांडला होता : दहा वर्षं सातत्याने ५४ टक्के मॅच जिंका, कधीतरी वर्ल्ड सिरीजला पोचालच. सिअ‍ॅटलमध्ये आजही 'चोपन्न' हा आकडा शिवीसारखा वापरतात. मला मात्र हा हिशोब पटतो. मी दिवसभर सर्व्हर चालू ठेवण्याचं काम करतो. रोज थोडं बरं चालणं आणि एखाद दिवस भन्नाट चालणं, यातलं पहिलं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. पण ५४ टक्क्यांवर जीव टाकता येत नाही, हेही तितकंच खरं.

मग आलं २०२५. ९० विजय, ७२ पराभव. २००१ नंतर पहिल्यांदाच आम्ही आमच्या गटात पहिले आलो. (२००१ ला याच टीमने ११६ मॅच जिंकल्या होत्या आणि तरी फायनलच्या एक पायरी अलीकडे यांकीजकडून हरली. हा इतिहास इथे घराघरांत, आपल्याकडे पानिपत सांगतात तसा सांगतात.)

या सीझनचा हिरो कॅल रॅली. तो कॅचर आहे. आपल्या भाषेत विकेटकीपर, पण तुलना तिथेच थांबते. कारण कॅचर प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो, बॉलरला कुठला चेंडू टाकायचा ते सुचवतो, अंगावर चेंडू झेलतो. सीझनअखेर गुडघ्यांचं काय होत असेल त्याचं त्याला माहीत. म्हणून कॅचरकडून बॅटिंगची फार अपेक्षा कुणी ठेवत नाही. तोवर कॅचरचा एका सीझनचा विक्रम ४८ होमरनचा होता. रॅलीने ६० मारले, १६२ पैकी १५९ मॅच खेळून. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा १९६१ पासूनचा ५४ चा विक्रमही मोडला. जुलैत त्याने होमरन डर्बी जिंकली तेव्हा त्याला चेंडू टाकत होते त्याचे वडील आणि मागे कॅचर म्हणून बसला होता धाकटा भाऊ. ती क्लिप मी बाबांना पाठवली. बाबा तीस वर्षं क्लब क्रिकेट खेळलेले, कौतुक सहसा करत नाहीत. त्यांचा मेसेज आला, "बापाची लाइन लेंग्थ चांगली आहे."

रॅलीचं टोपणनाव 'बिग डंपर'. कारण त्याचा पार्श्वभाग. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "डंपर म्हणजे वाळूचा?" त्यानंतर आमच्या घरी तो वाळूवाला झाला. "अरे, तुझा वाळूवाला काय म्हणतोय?"

आता मुद्द्याचं. २०२६ मध्ये तो साठ मारणार नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने ३० आणि ३४ मारले होते. चाळीस मारले तरी मी नारळ फोडेन. म्हणजे ती वीस होमरनची तूट दुसऱ्या कुणीतरी भरायला हवी, आणि हीच माझी काळजी आहे. होर्हे पोलांको २६ होमरन मारून न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. युहेनियो सुआरेझ जुलैत आला, फार चालला नाही, पण टोरांटोविरुद्ध पाचव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला त्याने भरल्या बेसवर होमरन मारला तेव्हा माझा वरच्या मजल्यावरचा शेजारी खाली येऊन मला मिठी मारून गेला. त्याआधी आम्ही फक्त लिफ्टमध्ये मान हलवायचो. सुआरेझचा करार संपला, तो परत येईल असं मला वाटत नाही.

जॉश नेलरला मात्र राखलं, पाच वर्षांसाठी, सव्वानऊ कोटी डॉलर्सना. हा माणूस मला फार आवडतो. अंगाने आडवा, धावायला लीगमधल्या सर्वांत संथ लोकांपैकी, आणि तरी गेल्या सीझनमध्ये ३० बेस चोरले. निव्वळ समोरच्याचं लक्ष नाही हे ओळखून. हुलिओ रॉड्रिगेझ वयाच्या पंचविशीत आहे, ३२ होमरन आणि ३० चोऱ्या, सेंटर फील्डला चित्त्यासारखा. त्याची एकच खोड : एप्रिल-मेमध्ये तो झोपलेला असतो. या वर्षी तो पहिल्या महिन्यापासून जागा राहिला तर रॅलीच्या तुटीची चिंता निम्मी होईल.

बॉलिंगची मला चिंता नाही, असं लिहिणार होतो. पण ब्रायन वूने पहिल्या पंचवीस स्टार्ट्समध्ये दर वेळी किमान सहा इनिंग्ज टाकल्या आणि सप्टेंबरात छातीचा स्नायू दुखावला. ब्राइस मिलरचं कोपर, गिल्बर्टचा हात, कर्बीचा खांदा, सगळ्यांचं काही ना काही झालं. पाचही जण एकाच वेळी धड असले तर लीगमध्ये यांना तोड नाही. तसे ते गेल्या वर्षी फारसे नव्हतेच.

सातव्या मॅचबद्दल लिहायचं टाळत होतो. २० ऑक्टोबर, टोरांटो. जिंकलो तर वर्ल्ड सिरीज. नाशिकला तेव्हा लक्ष्मीपूजनाची सकाळ होती, आई व्हिडिओ कॉलवर आणि फोन फराळाच्या डब्याला टेकवलेला. सातव्या इनिंगपर्यंत आम्ही ३-१ ने पुढे. दमलेल्या वूने दोन जण बेसवर सोडले. कोच डॅन विल्सनने बझार्डोला आणलं, आणि जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन मारला. ३-४. आमचा सर्वांत भेदक बॉलर, मुन्योझ, तेव्हा बाहेरच होता, शेवटासाठी राखलेला. सामना सतराव्या ओव्हरला हातातून जात असताना बुमराहला विसाव्यासाठी ठेवावं तसं. विल्सन सज्जन माणूस आहे, स्वतः अकरा-बारा वर्षं इथे कॅचर होता, पण हे मी त्याला माफ केलेलं नाही. शेवटी हुलिओ स्ट्राईकआऊट झाला. आई म्हणाली, "जाऊ दे रे, चकली खा." चकली नव्हती इथे.

सीझननंतरच्या थंडीत मी एक शीट बनवली, कोणाचा करार कधी संपतो याची. क्रॉफर्ड आणि अरोझरेना २०२६. गिल्बर्ट २०२७. कर्बी २०२८. रॅली २०३०. हुलिओ २०३४. म्हणजे हा संच असा पूर्ण एकत्र फार तर एक सीझन, ताणून दोन. मग तळाला एक ओळ स्वतःची टाकली. एच-वन-बीची सहा वर्षं सप्टेंबर २०२८ ला भरतात. ग्रीन कार्डचा अर्ज पुढे सरकला तर व्हिसा वाढतो. पण कंपनीने कपातीनंतर ती सगळी प्रक्रियाच थांबवलीय. कधी सुरू होईल, मॅनेजरलाही सांगता येत नाही. शीटमध्ये मी कर्बीच्या रांगेत बसतो. बाबा दर रविवारी विचारतात, "मग, काय ठरवलंयस?" मी म्हणतो, बघू बाबा, सांगतो तुम्हाला. परत गेलो तर बेसबॉल पहाटे साडेपाचला लागेल, आणि ऑफिस असेल. पण त्यापेक्षा मला वाटतं, सिअ‍ॅटल वर्ल्ड सिरीजला पोचलं आणि मी तेव्हा या शहरात नसलो, तर लिफ्टमधल्या त्या शेजाऱ्याला फोन तरी कुठून करू? त्याचा नंबर माझ्याकडे नाही.

अंदाज सांगायचाच तर : ८९ विजय. गटात पहिले. ह्यूस्टन म्हातारं होतंय, टेक्सास ८१ वर अडकलंय, अ‍ॅथलेटिक्सची पोरं बॅटिंगला खतरनाक आहेत पण त्यांना बॉलर नाहीत. ८९ म्हणजे जवळपास ५५ टक्के, डिपोटो खूश. पुढचं नऊ-दहा मॅचचं नशीब कुठल्याही शीटमध्ये बसत नाही.

मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा इथे येतायत. तिसऱ्या मजल्यावरची, स्वस्तातली तीन तिकिटं बघून ठेवलीत, होम प्लेटच्या मागची, म्हणजे कॅचर नीट दिसेल. बाबांना सांगितलंय, स्वेटर आणा, संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो आणि पाऊस नसला की ते छप्पर उघडंच ठेवतात. आई विचारत होती, आत डबा नेऊ देतात का. देतात.