ऐकू यायलंय का?

मी कला शाखेचा विद्यार्थी. तारा आणि स्क्रूड्रायव्हर यांच्याशी माझा संबंध घरचा फ्यूज गेला तर मेणबत्ती शोधण्यापुरताच! तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत, उमरग्याकडच्या एका साखर कारखान्यात, वायरमनकाकांच्या हाताखाली मी पंधरा दिवस काढले. माझे अण्णा तेथेच मिलवर फिटर आहेत. त्यांचा हा बाविसावा हंगाम.

पहिलेच काम निघाले मिलमधल्या टेलिफोनचे. कंट्रोल रूममधून फोन जाई, पण मिलवर कोणाला तो ऐकूच येत नसे. "खिशात मोबाईल असताना हा डबा कशाला?" मी विचारले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मला गव्हाणीपाशी नेऊन उभे केले. उसाच्या मोळ्या आत जात होत्या, कटर गरजत होते, रोलर दळत होते. बाहेर आल्यावर पाहतो तो माझ्या खिशातला फोन तीनदा वाजून गेलेला!

काकांनी टेलिफोनचे जाड झाकण उघडले. आत तीन बारीक बटणे होती. एक घंटीचे, एक कानाचे, एक तोंडाचे. घंटी पूर्ण वाढवली, तरी वीस पावलांवर ती विरून जाई. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे मला तेव्हा कळले. मग बाहेर भोंगा आणि लाल दिवा लावायचे ठरले. मी उत्साहाने भोंग्याच्या तारा सरळ टेलिफोनच्या लाईनला जोडू लागलो. काकांनी हात धरला. लाईनमधली वीज घंटीपुरतीच. तिच्यावर भोंगा चालत नाही. मध्ये रिले लागतो. घंटीची वीज आली की तो नुसता स्विच मिटतो, आणि भोंगा-दिव्याला वीज वेगळ्या सप्लायवरून मिळते. तो सप्लाय बंद करून मगच काकांनी तारा जोडल्या आणि आत पाणी व भुसा जाऊ नये म्हणून केबलचा ग्लँड घट्ट आवळला.

राहिले तोंडाचे बटण. मी म्हणालो, "हेही वाढवू या." काका हसले. ते वाढवले की माणसाच्या आवाजाबरोबर सारी मिलही फोनमध्ये शिरते. शिवाय आपण बोलतो त्यातले थोडे आपल्याच कानात परत येते, म्हणून बोलणाऱ्यालाही गोंगाटच ऐकू येतो. काकांनी ते बटण कमी केले आणि म्हणाले, "तोंडाजवळ धरून सावकाश बोलायचं."

कानाचे बटण मात्र आधीच शेवटाला होते. दुसऱ्या पाळीची माणसे तक्रार करीत, हा फोन कानाला चावतो म्हणून. मी ते उतरवायला गेलो, तर काका म्हणाले, "राहू दे. ते तुझ्या अण्णासाठी आहे."

मला काही उमगले नाही. मी कंट्रोल रूममध्ये गेलो आणि फोन लावला. भोंगा वाजला, दिवा लागला, अण्णांनी फोन घेतला.

"अण्णा, ऐकू यायलंय का?"

"हां, बोल!"

"सकाळचा डबा खाल्लाव का?"

"हां, हां, वाजला! चांगला वाजला!"

आजूबाजूची माणसे हसली. मला हसू आले नाही.

कायद्याने आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्यापलीकडच्या गोंगाटात वर्षानुवर्षे उभे राहिले की आधी बारीक, उंच सूर जातात; स, श, त यांसारखी व्यंजने पुसट होतात. बोलणे ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत. गेलेले ते पुन्हा येत नाही. आणि घरी मी काय करीत होतो? टीव्ही मोठा लावतात म्हणून चिडत होतो, "किती वेळा सांगू?" म्हणून ओरडत होतो!

१८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल बहिऱ्यांचा शिक्षक होता. त्याच्या आईला कमी ऐकू येई. पत्नी तर लहानपणीच बहिरी झालेली. डेसिबल या शब्दातला 'बेल' तोच.

त्या संध्याकाळी मी टीव्ही बंद केला, अण्णांच्या समोर बसलो आणि सावकाश विचारले, "सकाळचा डबा खाल्लाव का?"

"खाल्लो की," अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून, "पण आज टीव्ही का बंद केलास रे?"

मी म्हणालो, "उगीच." आता रोज पाळीवर निघताना त्यांच्या डब्याशेजारी कान झाकायचे मफ मी स्वतः ठेवतो. ते कुरकुरतात, मी ऐकू न आल्यासारखे करतो.