अम्मीची इद्दत

जालन्यात सळईच्या कारखान्यात राबणाऱ्या घरांनी पी.एफ.चे कागद निकाहनाम्याइतकेच जपावेत, हे आम्हा दोघी बहिणींना अब्बांच्या मय्यतीनंतर कळले.

अब्बांनी १९९६ साली अम्मीला एका दमात तीन तलाक दिले. कागद नाही, काझी नाही, दोन्ही घरांची बैठक नाही. अम्मी आधी इद्दतीला बसली, मग शिवणयंत्रावर. अब्बांनी दुसरा निकाह केला. २०१६ साली ते वारले तेव्हा मागे छोटी अम्मी आणि तिची दोन शाळकरी मुले होती.

वकीलसाहेबांनी समजावले : कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये दोन विधवा असल्या तर पेन्शन वाटून मिळत नाही. जिचा निकाह आधीचा, तिला ती मिळते. दुसरीला तिच्या पश्चात. तलाक झालेली बायको मात्र कुटुंबात धरतच नाहीत. "पण तलाक शाबीत कोण करणार?" ते म्हणाले. दगडू पठाण खटल्यात औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने २००२ सालीच सांगितले होते, की तलाक दिला असे नुसते म्हणून भागत नाही. कारण हवे, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि हे कोर्टात सिद्धही व्हायला हवे. म्हणजे अम्मी अजून बायकोच. फॉर्म भरा.

आम्ही खूश झालो. वीस वर्षांचा हिशेब चुकता होणार होता. अम्मीने फॉर्मला हातही लावला नाही.

"इद्दत बैठी मैं. अब झूट कायको बोलूँ?"

कोर्टच म्हणते तलाक झाला नाही, मग खोटे कसले, आम्ही विचारले. ती म्हणाली, "कोर्ट कू बाद में मालूम पड्या. बीस बरस तो मैं तलाकशुदा बनके जी."

पेन्शन छोटी अम्मीला लागली. पुढे तिला स्थळ आले. तिने नकार दिला. विधवेने निकाह केला की तिची पेन्शन बंद होते, हे तिला कुणीतरी सांगितले होते. ते खरेच आहे. पण आम्ही नियम पुढे वाचला. विधवेची पेन्शन थांबली की मुलांना अनाथ पेन्शन लागते : प्रत्येकी २५ टक्क्यांऐवजी ७५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. दोन मुलांच्या घरात आधीही बेरीज दीडशे टक्के, नंतरही तेवढीच.

हे सांगायला आम्ही पहिल्यांदा तिच्या घरी गेलो. ती बराच वेळ बोटांवर हिशेब करीत राहिली.

परत आलो तेव्हा अम्मीने शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारले, "बोले क्या उसकू?"