बाबांची यादी आणि ३२ बिटांचा घोळ

परवा जुन्या हार्ड डिस्कवर बाबांची पुस्तकांची यादी सापडली. निवृत्तीनंतर, २००६ च्या सुमारास, त्यांनी ती ॲक्सेसमध्ये केली होती. पुस्तक, लेखक, कुणाला दिलं, कधी दिलं, आणि शेवटी 'शेरा'. बाबा २०१९ मध्ये गेले. आता ताईने आणि मी पुस्तकं वाटून घ्यायची ठरवलंय, पण निम्मी कपाटात नाहीतच. ती कुठे आहेत हे फक्त त्या फाइलला माहीत!

माझ्याकडे ॲक्सेस नाही. म्हटलं, पायथॉनमध्ये चार ओळी लिहू. पण प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये दुभाष्या लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी आणलं ते याचसाठी. प्रोग्रॅमने एकाच पद्धतीने विचारायचं, समोरच्या डेटाबेसशी कसं बोलायचं ते ड्रायव्हर बघेल.

विंडोजमधली ड्रायव्हरची यादी उघडली, तर तिथे एकटा एसक्यूएल सर्व्हर. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं की अशा याद्या दोन असतात, ६४ बिटांची वेगळी आणि ३२ बिटांची वेगळी. ॲक्सेसचा जुना ड्रायव्हर फक्त ३२ च्या यादीत. आणि गंमत बघा, ६४ बिटांचं साधन 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये आणि ३२ बिटांचं 'सिसवाउ६४' मध्ये! वर दोन्ही फाइलींचं नाव एकच. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून जुनी नावं तशीच ठेवली म्हणे. असो.

तिथे फाइलचा पत्ता आणि ड्रायव्हर यांची एका नावाने नोंद केली, प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं, या नावाचं काही सापडलं नाही. अरे, आत्ता तर केलं! तीन वेळा स्पेलिंग तपासलं. फाइलच बिघडली असेल या भीतीने दोन रात्री झोप नीट लागली नाही.

फाइल ठणठणीत होती. माझा पायथॉन ६४ बिटांचा, तो आपल्याच यादीत शोधत होता. ३२ बिटांचा पायथॉन टाकला, आणि भराभर ओळी उमटल्या. हुश्श!

शेवटचा रकाना मी आधी वाचला. एका शब्दकोशापुढे लिहिलंय, 'मुलगी हुशार आहे. परत मागू नये.'

लगेच ताईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "माझ्या नावावर किती आहेत रे?"

अकरा. शेरा : 'विचारू नये. चिडते.'