स्वस्त पॉलिसी आणि माझी हिशेबाची वही



दशलक्षण पर्व आटोपलं, क्षमावाणीचे फोन करून झाले, की आमच्या घरी दसऱ्याच्या आधी एक काम ठरलेलं असतं. गाडीचा विमा भरायचा. आमची छोटी पेट्रोल गाडी 2018 च्या दसऱ्याची. तेव्हापासून एकच कंपनी आणि एकच एजंट. यंदा मात्र पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, ऑनलाइन बघ. दुसरी कंपनी साडेतीन हजार रुपये कमी सांगतेय. कशाला जास्त भरता?"

साडेतीन हजार म्हणजे आमच्या घरी आता लहान रक्कम नाही. 2019 आणि 2021 असे दोन महापूर सोसल्यावर यांनी दुकान बंद केलं. घर बँकेच्या व्याजावर चालतं. त्यामुळे यांचं मतही मुलासारखंच, "घेऊन टाक स्वस्तातला. विमा तो विमाच." मी म्हटलं, दोन दिवस द्या, वहीत मांडते. चिंतामणराव कॉमर्स कॉलेजात शिकलेलं एवढं तरी कामाला यावं!

आम्ही बी.कॉम. केलं तेव्हा गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या चार सरकारी कंपन्या होत्या आणि दर सगळीकडे ठरलेले. तुलना करायचा प्रश्नच नव्हता. 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या आणि 1 जानेवारी 2007 पासून आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर ज्याचे त्याने ठरवायची मोकळीक मिळाली. पण एक भाग अजून सगळीकडे सारखाच आहे. तो म्हणजे थर्ड पार्टी, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्यासाठीचा विमा. तो कायद्याने सक्तीचा, आणि त्याचा दर सरकार ठरवतं. आमची गाडी 1000 ते 1500 सीसीमधली, म्हणून 3,416 रुपये. कंपनी कुठलीही घ्या, यात एक रुपया कमी होत नाही. म्हणजे स्वस्ताई जी काही आहे ती उरलेल्या भागात. ती कशातून आली तेवढं शोधायचं.

वहीचं पान मधोमध दुमडलं आणि दोन्ही आकडे समोरासमोर लिहिले.

जुनी कंपनी : गाडीचं नुकसान 3,200, इंजिन संरक्षण 900, थर्ड पार्टी 3,416, मालक-चालकाचा अपघात विमा 350. बेरीज 7,866. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 9,282 रुपये.

नवी कंपनी : गाडीचं नुकसान 1,450, थर्ड पार्टी 3,416. बेरीज 4,866. जीएसटीसह 5,742 रुपये.

फरक 3,540. मुलगा बरोबर सांगत होता. पण दोन्ही बाजूंना वस्तू एकच होती का? मग एकेक ओळ तपासली.

पहिली गोष्ट गाडीची किंमत. पॉलिसीवर तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर हीच रक्कम हातात येते. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. जुन्या पॉलिसीत ती 3,40,000 होती, नव्या कंपनीने 2,85,000 धरली होती. किंमत कमी की हप्ता कमी.

दुसरी, व्हॉलंटरी डिडक्टिबल. प्रत्येक क्लेमला पहिले हजार रुपये आपल्या खिशातून जातातच, ते आमच्या आकाराच्या गाडीला सक्तीचे आहेत. नव्या पॉलिसीत त्यावर आणखी 5,000 आपण सोसायचे अशी खूण आधीच करून ठेवलेली होती. म्हणजे सहा हजारांपर्यंतचं काम निघालं तर विमा असून नसल्यासारखा.

तिसरी, मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा नव्या आकड्यात नव्हता. तो वेगळा आधीच घेतलेला असेल तर पुन्हा लागत नाही. आमच्याकडे दुसरीकडे नाही.

चौथी, इंजिन संरक्षण. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या बाईला याचं महत्त्व कुणी सांगायला नको. पुराने गाडीचं नुकसान झालं तर ते साध्या पूर्ण पॉलिसीतही मिळतं. पण पाणी शिरलेलं असताना गाडी चालू केली आणि इंजिन गेलं, तर ते पुढचं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी हे वेगळं संरक्षण लागतं.

मग नव्या कंपनीच्या पानावर जाऊन किंमत 3,40,000 केली, पाच हजारांची खूण काढली, इंजिन संरक्षण आणि अपघात विमा घातला. आकडा आला 8,161. फरक 3,540 चा 1,121 झाला. यांना वही दाखवली. चष्मा लावून दोनदा बेरीज केली यांनी, मग म्हणाले, "तरी अकराशे अकराशेच."

ते खरंच होतं. म्हणून खरा विचार तिथून पुढे करावा लागला.

2019 च्या ऑगस्टमध्ये गाडी आमच्या बोळातच अडकली होती. पाणी ओसरलं तेव्हा सीटपर्यंत गाळ. त्या वेळी एजंटदादांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं. तरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले आणि पहिलं वाक्य बोलले, "काकू, किल्लीला हात लावू नका." फोटो काढले, गाडी ओढून न्यायची सोय केली, सर्व्हेअरला स्वतः घेऊन आले. इंजिन वाचलं आणि क्लेमही मिळाला. दुकानातल्या मालाच्या पंचनाम्यात गुंतलेल्या यांना गाडीसाठी एक फेरीही मारावी लागली नाही. या मदतीचं मोल अकराशेच्या वर की खाली, हे वहीत मांडता येत नाही. पण उपकाराच्या ओझ्याखाली दरवर्षी जास्त पैसे भरत राहणं, हेही मला पटत नव्हतं.

म्हणून वही घेऊन सरळ त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "दादा, हा हिशेब बघा. मला जायचं नाही, पण फुकटचं जास्तही भरायचं नाही." त्यांना राग आला नाही. म्हणाले, "काकू, दर माझ्या हातात नाही, पण कंपनीत बोलून बघतो." दुसऱ्या दिवशी नुकसानीच्या हप्त्यात 300 कमी झाले. जीएसटीसह 354. आता 8,928 विरुद्ध 8,161, फरक 767 रुपये. शिवाय नव्या कंपनीच्या कॅशलेस गॅरेजच्या यादीत आमचं नेहमीचं गॅरेज नव्हतं. म्हणजे आधी बिल आपण भरायचं आणि मग पैशांची वाट बघायची. हातात रोकड कमी असलेल्या घराला ते जड जातं. 767 रुपये जास्त देऊन आम्ही जुन्याच कंपनीत राहिलो.

मुलाला मात्र मीच सांगितलं, "तू बदल." त्याच पद्धतीने त्याचाही हिशेब मांडला. पुण्यात उंचावरची सोसायटी, पाण्याची भीती नाही, त्याचं गॅरेज नव्या कंपनीच्या यादीत, कागदपत्रं तो स्वतः सांभाळतो. सगळं सारखं करूनही त्याचे पैसे बऱ्यापैकी वाचत होते. मग कशासाठी थांबायचं?

बदलायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मालकाची असते, कंपनीची नाही. 20 टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षी ती 50 टक्के होते आणि कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येते. पण मुदत संपून 90 दिवस उलटले की ती जाते. आणि एक दिवस जरी खंड पडला तरी त्या दिवशीच्या अपघाताला कुणी वाली नाही. म्हणून नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीची तारीख जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट शेजारच्या वहिनींची. त्यांनी गेल्या वर्षी क्लेम घेतला होता. फोनवरचा विक्रेता म्हणाला, "मॅडम, बोनस तसाच ठेवतो, कोण बघतंय?" वहिनी मला विचारायला आल्या. मी म्हटलं, जुन्या कंपनीकडे एका पत्राने सगळं कळतं, आणि खोटं निघालं तर गाडीच्या नुकसानीचा पुढचा क्लेम नाकारू शकतात. विम्याचा करारच मुळी परम विश्वासावर उभा असतो, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच धड्यात शिकवलं होतं. त्यावर वहिनी हसून म्हणाल्या, "आणि सत्याणुव्रत पाठशाळेत." त्यांनी बोनस शून्य लिहायला लावला. आकडा वाढला, पण झोप शांत.

तर मैत्रिणींनो, पॉलिसी कपाटातून काढा आणि तारीख संपायच्या महिनाभर आधी पानाच्या दोन बाजू करून लिहा. गाडीची किंमत, आपल्या खिशातून किती जाणार, जोडलेली संरक्षणं, जवळचं गॅरेज. या चार ओळी दोन्हीकडे सारख्या झाल्या की मगच खालची बेरीज बघा. पुढचं ठरवायला कुणाला विचारावं लागत नाही.