पोथीचं दार

चि. भाचीस,


जुन्या पोथ्यांच्या वाचनाला यापुढे फक्त सभासदांनीच बसायचं, असं तुमच्या अभ्यासमंडळात घाटतंय, हे तुझ्या पत्रातून कळलं. बाहेरचे लोक भलतेच प्रश्न विचारतात, वेळ खातात, अर्धं वाक्य मोबाइलवर टिपून गावभर फिरवतात, ही तुमची तक्रार. ती खरी आहे. तरीही दार बंद करू नका, असं मला मनापासून वाटतं.

तू महानुभाव वाङ्मयावर काम करतेस, म्हणून तिथूनच बोलतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र कसं सिद्ध केलं? पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन, विचारून, पडताळून. त्यांत महादाइसांसारख्या बायाही होत्या. पुढे केशिराज संस्कृतात लिहू लागले, तेव्हा म्हाताऱ्या बायाबापड्यांच्या तोंडचा घास जाईल म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. स्मृतिस्थळातली ही आठवण मला फार मोठी वाटते.

त्याच पंथानं चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि उलगडा फक्त पंथातल्यांना ठाऊक. मी त्यांना दोष देत नाही. परचक्रात पोथ्या गेल्या, त्या आठवणीतून पुन्हा जुळवाव्या लागल्या, असं पंथाची परंपरा सांगते. पाठ भ्रष्ट होण्याचं भय खरं होतं आणि त्या बंदोबस्तामुळे बरंच टिकलंही. पण मराठीतलं इतकं जुनं, इतकं जिवंत गद्य कित्येक शतकं बाकीच्या मराठी माणसाला ठाऊकच नव्हतं. शिवाय पोथीत काय लिहिलंय हे कळायला वाट नसली की लोक मनाचं भरतात. या पंथाबद्दल किती ओंगळ अफवा पिढ्यानपिढ्या चालल्या, ते तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असशील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या पंथाबाहेरच्या अभ्यासकांनी लिप्या उलगडल्या. पुढे १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापलं. त्यानंतर कुठे या ग्रंथांवर मोकळेपणी बोलणं सुरू झालं.

दुसरा दाखला आपल्या बीडचाच. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली ती बीडच्या पाटांगणावर. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. आज ती मूळ पोथी पाहायला मिळत नाही. त्यांचे पाठ बरोबर की चूक यावर वाद घालता येतो, पण पोथी उघडून बघता येत नाही. चार लोकांनी तिची नक्कल करून ठेवली असती तर! एकाच्या हाती राहिलेल्या विद्येचं हे असं होतं, तो हात राजवाड्यांसारख्या थोर माणसाचा असला तरी.

आणि तुम्ही ज्याला बाहेरचा म्हणता, तो खरंच बाहेरचा आहे का गं? गेवराई तालुक्यातल्या पांचाळेश्वरी, महानुभावांच्या आत्मतीर्थाला, ज्यांचं आयुष्य या ग्रंथांच्या पारायणात गेलं, त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नसेल. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या घरातली एखादी पोरगी कारखान्याच्या तळावरून तुमची बैठक मोबाइलवर ऐकत असेल, तिच्याकडे सभासदाची वर्गणी नसेल. कोशात न सापडणारा शेतीचा किंवा जात्यावरचा एखादा शब्द तिच्या आजीच्या तोंडी असायचा. तो तुम्हाला कोण सांगणार?

पाठ ठरवायचं, टीप लिहायचं काम सभासदांकडेच ठेवा. त्याला वर्षांची मेहनत लागते आणि टिपेखाली नाव घालावं लागतं. अर्धवट वाचन टिपायला बंदी घाला, प्रश्नांसाठी शेवटचा अर्धा तास राखा. कुणी आडदांडपणा केला तर त्या एकाला बाहेर काढा. पण ऐकायला आणि विचारायला ओळखपत्र मागू नका. श्रद्धेचं माणूस दुखावेल याची धास्ती वाटते, असं तू लिहिलंस. त्याला बाहेर ठेवून तो कमी दुखावेल का? आपल्यामागे आपल्या देवाबद्दल काय बोलतात, ही शंका जास्त बोचते.

ठराव यायच्या आधी एक बैठक पांचाळेश्वरी घ्या. तिथल्या महंतांना विचारायला तू एकटी जाऊ नकोस, मी अंबाजोगाईहून येतो. तारीख कळव.

तुझा,
मामा