चाकांवरचं बिऱ्हाड

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. शेगडी, ओटा, पलंग सारं एका मोटारीत! गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आम्हां नवराबायकोचा संसार त्यात मावला. इंटरस्टेट ८० हा एकच रस्ता अकरा राज्यांतून जातो. लांबी सुमारे ४,६०० किलोमीटर. गाडी हिनं चालवायची. मी नकाशा धरायचा, म्हणजे चुकीचं वळण सांगायचं!

पश्चिमेकडे जाताना घड्याळ तीनदा एकेक तास मागं घ्यावं लागतं. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून जाताना दुसरा तास हाती आला.

"फुकटचा तास मिळाला की!" मी म्हटलं.

ही हसली. "घरात मला कधी नाही मिळाला."

बोलणं तिथंच राहिलं. पुढं यूटातलं बॉनव्हिल आलं. आटलेल्या प्राचीन सरोवराचं पांढरंशुभ्र मीठ क्षितिजापर्यंत पसरलेलं. हिनं गाडी थांबवून चहा टाकला आणि कप हाती देत विचारलं, "अहो, एम.ए.ला पहिलं कोण आलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. पहिली ही, दुसरा मी. प्राध्यापक मात्र मी झालो. हिचे तास माझ्या आईच्या औषधपाण्यात नि मुलांच्या डब्यांत गेले. बावीस वर्षांच्या संसारात हे मी एकदाही बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी बोललो.

नेवाडात तिसरा तास मिळाला. मुक्कामी पोहोचल्यावर ही पुस्तक घेऊन बसली. पिठलं मी केलं. ते खारट झालं.

"मिठाच्या मुलखातून आलोय," ही म्हणाली, "चालायचंच!"