डाव्या किडनीचे टक्के

लहान बाळाच्या दोन किडन्यांपैकी कोणती किती काम करते, हे टक्क्यांत मोजता येतं. ते टक्के काढणं हे माझं रोजचं काम. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी तंत्रज्ञ आहे. शिकले परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. १९६३ साली अणुऊर्जा खात्याने सुरू केलेली ही संस्था. तिथे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेली एक गोष्ट मी अजून पाळते: रिपोर्टवरचा आकडा वाचण्याआधी तो कसा काढला ते विचारायचं.

सोनोग्राफीत किडनीचा आकार दिसतो, सूज दिसते, खडा दिसतो. काम दिसत नाही. त्यासाठी आम्ही अगदी थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून देतो आणि पाठीमागे गॅमा कॅमेरा लावून ते किडनीत कसं शिरतं, किती वेळ थांबतं, खाली मूत्राशयात कधी उतरतं ते पाहत बसतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत, म्हणजे औषध किडनीतून निसटू लागण्याआधी, डावीने किती उचललं आणि उजवीने किती, याची वाटणी म्हणजे ते टक्के. दोन्ही मिळून शंभर. साधारण ४५ ते ५५ मध्ये असलं की वाटणी बरोबर समजतात.

पाटण तालुक्यातलं एक कुटुंब आमच्याकडे आलं तेव्हा बाळ नऊ महिन्यांचं होतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पोटातल्या बाळाची डावी किडनी फुगलेली दिसली होती. शंभर गरोदरपणांत एखाद-दोन वेळा अशी सूज दिसते आणि बहुतेक बाळांत ती पुढे आपोआप ओसरते. काहींत मात्र किडनीतून मूत्रनलिका जिथे निघते तो सांधा अरुंद असतो. डॉक्टर त्याला पीयूजे म्हणतात. मुलग्यांत आणि डाव्या बाजूला हे जास्त सापडतं. हाही मुलगा, हीही डावीच. दोन महिन्यांचा असताना दुसऱ्या शहरात त्याचा स्कॅन झाला होता. डावी ४३ टक्के. आमच्याकडे आली ३५. वडील टेम्पो चालवायचे. त्यांनी डिझेलच्या हिशेबाच्या वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी करून ठेवली होती: ८.

रिपोर्ट घ्यायला आजी आल्या होत्या. खिडकीशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, ‘‘ताई, आठ टक्के गेलं म्हंजी किडनी कुजाय लागली का वो?’’

मी म्हटलं, ‘‘आजी, तसं लगेच म्हणता येत नाही. जुन्या स्कॅनची सीडी आहे का तुमच्याकडे?’’

सीडी होती, पण गावी. पुढच्या खेपेला वडिलांनी ती कापडात बांधून आणली.

आता या आकड्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगते. आमचा दिवस हॉट लॅबमध्ये सुरू होतो. शिशाच्या आवरणातल्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम-९९ असतं, त्यातून सलाइनने टेक्निशियम-९९एम धुऊन काढायचं. त्याची ताकद सहा तासांत निम्मी होते, चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरते, म्हणून ते बाळालाही देता येतं. हे टेक्निशियम ज्या औषधाला जोडू त्यावर पुढचं सगळं ठरतं. डीटीपीए हे जुनं औषध किडनी फक्त गाळते. रक्ताच्या एका फेरीत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उचलला जातो. ईसी हे औषध बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी १९९२ साली पुढे आणलं. त्याला किडनीच्या नलिका ओढून घेतात, आणि एका फेरीत त्याचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग उचलला जातो. दोन महिन्यांच्या बाळाची किडनी अजून पिकायची असते. तिला डीटीपीए दिलं की औषध सगळ्या अंगभर रेंगाळतं आणि किडनी त्या धुक्यात पुसट दिसते. ईसीने तीच किडनी स्वच्छ दिसते. एका औषधाचा आकडा दुसऱ्या औषधाच्या आकड्याशेजारी ठेवून वजाबाकी करायची असेल, तर आधी या फरकाचा विचार करायला हवा.

मग बाळाची तयारी. पिवळी कॅन्युला लावायची, आईला पोटभर पाजायला सांगायचं, बाळ पेंगुळलं की दुपट्यात घट्ट गुंडाळून कॅमेऱ्यावर ठेवायचं. आम्ही भूल देत नाही. पाजणं हे झोपेसाठी तसंच लघवीसाठीही. अंगात पाणी कमी असलं की चांगली किडनीसुद्धा औषध सोडत नाही आणि आलेख अडथळ्यासारखा दिसतो. मूत्राशय भरलेलं असलं तरी वरची लघवी खाली उतरत नाही. लघवी वाढवणारं लॅसिक्स कधी दिलं, औषधाबरोबर की वीस मिनिटांनी, यावरही आलेखाची उतरण बदलते. बाळांत आम्ही ते औषधाबरोबरच देतो, किलोमागे एक मिलिग्रॅम, कारण वीस मिनिटांनी ती इवलीशी शीर टिकेलच याची खात्री नसते.

सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायला हवं ते यानंतर येतं. स्कॅन झाला की मी पडद्यावर माउसने प्रत्येक किडनीभोवती एक रेघ काढते. तिच्या आतला किरणोत्सार तो किडनीचा. बाहेर आणखी एक पट्टी काढायची, तो आजूबाजूच्या रक्ता-मांसाचा. तो वजा करायचा. उजव्या किडनीवर यकृताची सावली पडते, तिथे पट्टी चुकली की उजवीचं काम उगाच फुगतं आणि डावीचं तेवढंच घटतं. फुगलेल्या किडनीची कड नेमकी कुठे संपते हे ठरवणं अवघड असतं. दोन अनुभवी माणसांनी तोच स्कॅन मोजला तर आकड्यात थोडा फरक पडतोच. म्हणून पाच टक्क्यांपर्यंतची घट या शास्त्रात सहसा घट धरत नाहीत. शिवाय हे टक्के वाटणीचे आहेत. उजवी जोमाने वाढली तर डावी आहे तिथेच राहूनही तिचा वाटा कमी दिसतो.

माझं ठाम मत आहे की हे सगळं पालकांना सांगायला हवं. त्यांना समजत नाही, ते घाबरतील, असं म्हणून आपण फक्त आकडा हातात देतो. ज्या माणसाने हिशेबाच्या वहीत वजाबाकी करून ठेवली आहे, त्याला मोजमापातली सूट नक्की समजते.

सीडी उघडली. डीटीपीए दिलेलं होतं. मधेच बाळ हललेलं. मूत्राशय शेवटपर्यंत भरलेलं, आणि बाळाला उभं धरून नंतर घेतलेलं चित्र नव्हतंच. आमच्या विभागाच्या डॉक्टरांनी आणि मी मिळून तो जुना स्कॅन आमच्या संगणकावर आमच्या पद्धतीने पुन्हा मोजला. डावी ३९ आली. म्हणजे वहीतले आठ चारवर आले, आणि त्या चारातही दोन औषधांचा फरक मिसळलेला. सर्जननी सोनोग्राफ्या एकापुढे एक लावून पाहिल्या आणि सांगितलं, तीन महिने थांबू, सगळं तसंच ठेवून पुन्हा स्कॅन करू.

थांबणं या कुटुंबाला किती जड गेलं ते मी पाहिलं. आजींना वाटत होतं की मोठ्या शहरात येऊनही कोणी काही करत नाही. पण या थांबण्यामागे बऱ्याच माणसांची मेहनत आहे. १९७३ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी अडथळा तपासायची पद्धत मांडली ती अशी: पाठीतून सुई थेट किडनीत घालायची, ठरलेल्या वेगाने पाणी सोडायचं आणि आत दाब किती चढतो ते मोजायचं. १९७८ साली मँचेस्टरच्या पॅट्रिक ओ’रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्कॅन चालू असताना लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं, तर शिरेतल्या एका सुईवर बरंच काही कळतं. पुढे गर्भवतींच्या सोनोग्राफ्या सर्रास होऊ लागल्या आणि फुगलेल्या किडनीची बाळं शेकड्यांनी सापडू लागली. त्या सगळ्यांना कापायचं का? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात फिलिप रॅन्सली आणि सहकाऱ्यांनी ४० टक्क्यांच्या वर काम असलेल्या बाळांना ऑपरेशन न करता नजरेखाली ठेवलं आणि १९९० साली ते अनुभव छापले. बहुतेकांची किडनी टिकली, काहींना पुढे ऑपरेशन लागलं. ४० हा आकडा जगभर वापरात आला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत ओहायोतल्या स्टीफन कॉफ यांनी तर कमी काम दाखवणाऱ्या नवजात किडन्यांवरही लक्ष ठेवलं, आणि त्यांतल्या बऱ्याच नुसत्या वाट पाहण्याने सुधारल्या. आज मी एखाद्या बाळाचं ऑपरेशन टळलेलं पाहते, तेव्हा ज्या आईबापांनी त्या काळी आपली मुलं अशा पाहणीत राहू दिली त्यांची मला फार आठवण होते. त्यांना तर पुढे काय होणार हे सांगणारं कोणीच नव्हतं.

तीन महिन्यांनी बाळ पुन्हा आलं. तेच ईसी, लॅसिक्स त्याच वेळी, तोच कॅमेरा, मोजणीही मीच केली आणि डॉक्टरांनी मला न विचारता वेगळी केली. मोजणी झाल्यावर आईला सांगितलं, आता बाळाला खांद्यावर उभं धरून फिरवा. बाळाच्या वडिलांनी विचारलं, हे कशासाठी. म्हटलं, ‘‘भाऊ, टाकी मोठी असली की नळ नीट असला तरी रिकामी व्हायला वेळ लागतो. आपल्याला बघायचंय, नुसती टाकी मोठी आहे की नळच बंद आहे.’’ वीस-पंचवीस मिनिटं ती माउली त्या बोळातून फिरली. बाळाने लघवी केली, डायपर बदलला, शेवटचं चित्र घेतलं.

नळ बंद होता. उभं धरूनही औषध तिथेच साठलेलं. डावी ३१. डॉक्टरांचा आकडा ३०. सोनोग्राफीत सूज वाढलेली, वरचं मांस पातळ झालेलं. आता कोणाच्याच मनात शंका राहिली नाही.

ऑपरेशन झालं ते अँडरसन आणि हाइन्स यांच्या पद्धतीचं. शेफील्डच्या या दोघांनी १९४९ साली ती मांडली, आणि आजही पीयूजेसाठी तीच पहिली निवड आहे. अरुंद सांधा कापून काढायचा, फुगलेला भाग लहान करायचा आणि मूत्रनलिका तिरकी कापून पुन्हा जोडायची. आत काही आठवडे एक बारीक नळी, डीजे स्टेंट, ठेवतात.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. औषध आलं, थांबलं आणि खाली उतरून गेलं. त्या पडद्याकडे बघताना मला झालेला आनंद मी लपवला नाही, आजींना आत बोलावून दाखवलं. टक्के मात्र ३३. वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी सर्जनना सरळ विचारलं, ‘‘साहेब, तीन महिनं थांबलो नसतो तर?’’

सर्जननी टाळलं नाही. ते म्हणाले, एखाद-दोन टक्के वाचले असते कदाचित, नसतेही. मोजमापच तेवढं बारीक नाही. या ऑपरेशनने गेलेलं काम सहसा परत येत नाही, उरलेलं राखलं जातं. हे त्यांनी ऑपरेशनआधीही सांगितलं होतं, पण त्या धांदलीत कोणाच्या ध्यानात राहतं?

मला त्या वेळी एक मुलगी आठवत होती. त्याच सुमाराला आमच्याकडे आलेली, वय जवळपास तेच, डावी किडनी ३६. तिच्या घरच्यांनाही थांबायला सांगितलं होतं. पुढच्या स्कॅनला तिची ४२ आली, सूज निम्मी झाली, आणि तिच्या पोटावर आजतागायत सुरी लागलेली नाही. पहिल्या दिवशी या दोन बाळांचे आकडे जवळपास सारखे होते. कोणाचा नळ उघडणार आणि कोणाचा नाही, हे त्या दिवशी सांगू शकेल असा स्कॅन अजून कोणाकडे नाही. औषध किडनीच्या मांसातून आतल्या पोकळीत पोचायला किती वेळ घेतं, यावरून आधीच अंदाज बांधता येईल का, याचा अभ्यास चालू आहे. तो यशस्वी व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्या तीन महिन्यांची किंमत मी जवळून पाहिली आहे.

गेल्या वर्षी वडिलांचा फोन आला. त्यांच्या घराजवळच्या शहरात आता गॅमा कॅमेरा आला होता. दर वेळी मुंबईची खेप परवडत नाही, तिथे स्कॅन केला तर चालेल का? मी म्हटलं, जरूर करा. पण आधी एका कागदावर सगळं लिहून पाठवलं: ईसी, डोस, लॅसिक्स औषधाबरोबर, आधी किती पाणी पाजलं, लघवीनंतर उभं राहून घेतलेलं चित्र किती मिनिटांनी, आणि रेघा कशा काढल्या त्याचा छापील पडदा. सोबत जुन्या सगळ्या सीडींच्या प्रती.

स्कॅनच्या सकाळी तिथल्या तंत्रज्ञ मुलीने मला फोन केला. विचारत होती, ‘‘मॅडम, मागच्या वेळी बॅकग्राउंडची पट्टी खालून घेतली होती की सगळीकडून?’’ मी सांगितलं, सगळीकडून. दुपारी तिने आकडा कळवला. डावी ३४, उतार चांगला, पुढचा स्कॅन एक वर्षाने.